निळ्या तबकडीची थाप

अमेरिकी गायक एल्विस प्रेस्लीची पुण्यतिथी जवळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘एल्विस गेल्यावर कंपनीने उरलीसुरली गाणी गोळा करून “मूडी ब्लू” हा अल्बम काढला. शोक म्हणून तबकडी निळी केली. आवाज तर कधीच संपला होता, खपला तो लोकांच्या अश्रूंवर.’

आधी तारखा बघा. एल्विस गेला १६ ऑगस्ट १९७७ ला. अल्बम जुलैतच दुकानात आला होता, तोही निळ्याच तबकडीवर. निळा रंग आला तो नावावरून. इंग्रजीत ‘ब्लू’ म्हणजे उदासही. आपल्याकडे मन निळं होत नाही, म्हणून ही कोटी आपल्याला चटकन लागत नाही, एवढंच.

उरलीसुरली गाणी? इथे थोडं मान्य करावं लागेल. दहापैकी चार गाणी मैफलींतली आहेत आणि त्यातलं एक १९७४ च्या अल्बममध्ये आधीच येऊन गेलेलं. ही भरतीच. पण का करावी लागली? एल्विस स्टुडिओत जायलाच तयार नव्हता. शेवटी आरसीए कंपनीने १९७६ मध्ये ध्वनिमुद्रणाचा सगळा सरंजाम मेम्फिसला त्याच्या ग्रेसलँड या घरी नेला. ज्या ‘जंगल रूम’मध्ये तो गायला, तिथे जमिनीवरच काय, छतालासुद्धा हिरवा केसाळ गालिचा ठोकलेला! उरलेली सहा गाणी तिथली, फेब्रुवारी आणि ऑक्टोबरमधली. म्हणजे तो गेल्यावर कुणी फडताळं उपसली नाहीत.

खपाचं म्हणाल तर मृत्यूनंतर तो उसळला, यात वाद नाही. पण शीर्षकगीत फेब्रुवारी १९७७ मध्येच अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं होतं. तेव्हा कोण रडत होतं?

राहिला आवाज. एप्रिल १९७७, अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर शहरातली मैफल. शरीर सुजलेलं, हालचाल जड, आणि हा स्वतः पियानोवर बसून ‘अनचेन्ड मेलडी’ गातो. वरच्या सुरांवर जोर लावावा लागतोय हे कळतं, पण तो त्यातून अंग काढून घेत नाही. मला तर त्याची गुळगुळीत गाणी याच्यासमोर फिकी वाटतात. संपलेला गळा असा नसतो.

आता चाहत्यांचाही एक गैरसमज. याच अल्बममधल्या ‘वे डाउन’ गाण्याच्या अखेरीस जो पाताळात उतरणारा खर्ज ऐकू येतो, तो एल्विसचा नाहीच. तो साथीला गाणाऱ्या जे. डी. सम्नरचा. तेवढी दाद त्याला द्या.