कीड शेवटी येते
मुंबईतले पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) पिठ्या ढेकणांमुळे, म्हणजे रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीमुळे वाळतात, असं एका लेखात वाचलं. कीड खरीच, पण खंगलेलं झाड तिला लवकर बळी पडतं. आमच्या गल्लीतला पर्जन्यवृक्ष दोन पावसाळ्यांत गेला. त्याआधी पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं होतं, केबलच्या चरात मनगटाएवढी मुळं तुटली होती. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. ती गेली तरी झाड साठवलेल्या अन्नावर काही काळ तगतं, म्हणून मरण अचानक वाटतं. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. शेंडे वाळताना दिसले तर आधी बुंध्याभोवती काँक्रीट आहे का बघा, ते काढण्यासाठी पालिकेकडे अर्ज त्याच दिवशी द्या. आम्ही फार उशिरा दिला.