तिथं कोण राहतं?

आज फोंड्याला एका लग्नाला गेलो होतो. जेवताना हॉलचा एसी बंद पडला आणि टेबलावर विजेचा विषय निघाला. शेजारचे गृहस्थ, निवृत्त, पर्वरीला फ्लॅट. सोलकढीचा पेला हातात धरून म्हणाले, "गोव्याला स्वतःचा अणुवीज प्रकल्प हवाच. सांग्याला टाका की, तिथं कोण राहतं? पोरांना नोकऱ्याही मिळतील." टेबलावर सगळ्यांनी माना डोलावल्या. लग्नघर म्हणून मी गप्प बसलो. आता घरी येऊन लिहितोय, कारण तसं केल्याशिवाय झोप लागायची नाही.

तिथं माझी आत्या राहायची. सांगे तालुक्यातल्या कुर्डीला. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी म्हटलं तर गाणं ऐकणाऱ्यांना नाव तरी ठाऊक असेल. साळावली धरणासाठी गाव उठवलं आणि १९८६ च्या सुमारास सगळं पाण्याखाली गेलं. शेतं, माड, काजू, घर. बदल्यात वालकिणीला प्लॉट. तुमच्या त्यागावर अख्खा दक्षिण गोवा पाणी पिईल, असं मोठी माणसं येऊन सांगून गेली होती. पितोय की! मडगाव पितंय, वास्को पितंय. आत्या मात्र वालकिणीत कळशी घेऊन टँकरची वाट बघत बसायची.

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की कुर्डीवाले सोमेश्वराच्या उत्सवाला जातात. आत्या केरसुणी घेऊन जायची. भेगा पडलेल्या चिखलातून आपल्या घराचा चौथरा हुडकून काढायची, त्यावरचा वाळलेला गाळ झाडायची आणि मग तिथंच बसून डबा खायची. पाऊस लागला की परत बुडणार ते. मी म्हटलं, "कशाला गो झाडतेस?" तर म्हणाली, "उत्सवाला पावणे येतात, घर तसंच ठेवू?"

आता त्या गृहस्थांचं वाक्य परत वाचा.

आणि खरी गंमत अशी की ते नियमाला धरूनच बोलले. अणुभट्टीच्या भोवती एक-दीड किलोमीटरात कुणी राहायचं नाही, पाचेक किलोमीटरपर्यंत लोकवस्ती वाढू द्यायची नाही, मोठं शहर तर लांबच हवं. म्हणजे जागा शोधायला निघालात की भरपूर पाणी बघायचं, जमीन बघायची आणि माणसं कमी बघायची. माणसं कमी म्हणजे मतंही कमी. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्यात अशी जागा कुठं निघणार? सांगे, काणकोण. पर्वरीच्या पठारावर नक्कीच नाही. वर सांग्या-काणकोणात नेत्रावळी, खोतीगावची अभयारण्यं. म्हणजे जनावरांचीही मतं नाहीत.

आपल्या विजेत तारापूर आणि काक्रापारचा वाटा आहे हे मलाही ठाऊक आहे, उगाच कॉमेंटमध्ये शिकवू नका. पण तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली. समुद्रावर पोट भरणारे लोक ते, पुनर्वसनासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. त्यांच्याबद्दलही कुणीतरी कुठल्या तरी लग्नात "तिथं कोण राहतं" म्हणालंच असेल.

कैगा तर आपल्या उशाशी आहे, कारवारच्या मागं काळी नदीच्या खोऱ्यात. तिथली एक अणुभट्टी सलग ९६२ दिवस चालली, तेव्हाचा जागतिक विक्रम झाला. ठीक आहे, इंजिनिअर हुशार आहेत, मान्य. त्याच कैग्यात १९९४ ला बांधकाम चालू असताना घुमटाचं काँक्रीट कोसळलं आणि २००९ ला कामगारांच्या पिण्याच्या पाण्यात किरणोत्सर्गी ट्रिटियम सापडलं. हेही त्याच हुशार माणसांच्या देखरेखीखाली.

नोकऱ्यांचं बोलू. इथं मात्र माझा आवाज थोडा खाली येतो, कारण माझा भाचा सांग्याचाच. आयटीआय केलेला, हाताला चांगला. बापाचा खाणीवर ट्रक होता. २०१२ ला खाणी थांबल्या, मग थोडं चालू झालं, २०१८ ला परत सगळं बंद. हप्ते थकले, ट्रक दारात गंजला. पोरगा वेर्ण्याच्या कारखान्यात कंत्राटावर जातो, पहाटेची बस पकडून. तो मला म्हणाला, "मामा, अणुभट्टी येऊ दे नाहीतर आणखी काय येऊ दे, मला पगार मिळाला म्हणजे झालं." त्याला काय बोलणार? पर्यटनाचा पैसा किनाऱ्यावर राहतो, सांग्यापर्यंत येत नाही. सगळं गोंय राखायचं ओझं डोंगराकडच्या पोरांनीच का वाहायचं?

पण त्याला नोकरी मिळणार असं सांगतंय कोण? बांधकाम चालू असेपर्यंत हजारो हात लागतात, तेही कंत्राटदाराचे. भट्टी सुरू झाली की कायमची भरती देशभरातल्या परीक्षांतून. आयटीआयवाले घेतात, घेत नाहीत असं नाही. त्या रांगेत सांग्याच्या किती पोरांचा नंबर लागेल? आत्यालाही घरटी एक नोकरी सांगितली होती. तिच्या घरात कुणालाही लागली नाही. ती केरसुणी घेऊन जात राहिली.

१९९५ ला केरीत नायलॉन ६,६ च्या कारखान्याविरुद्ध लोक उभे राहिले, पोलिसांच्या गोळीनं एक पोरगा गेला. जैतापूरला २०११ मध्ये तेच, आणि भट्टी अजून उभी नाही. त्या टेबलावर हे कुणाला आठवलं नाही, बासुंदी आली होती ना.

२०४७ पर्यंत देशाला १०० गिगावॅट अणुवीज हवी आहे, म्हणजे जागा शोधणारे आज ना उद्या येणारच. त्याआधी खाणग्रस्त गावांसाठीच ठेवलेल्या डिस्ट्रिक्ट मिनरल फाउंडेशनच्या निधीचा हिशोब होऊ दे. येत्या ग्रामसभेत मी एकच प्रश्न लेखी देणार आहे: या निधीतून आपल्या पंचायतीतल्या किती पोरांना आजवर काम मिळालं? सांगे, केपे, धारबांदोड्याच्या मित्रांनी आपापल्या पंचायतीत द्यावा. मसुदा तयार आहे, हवा त्यानं इनबॉक्समध्ये मागावा. भाच्याला पाठवलाय, अजून बघितलेला नाही, पहाटेची बस असते त्याची.