काळ्यावर प्रेम आहे म्हणूनच दुपारी पिवळा

परवा मी टाकलेला पिवळ्या कुर्त्यातला फोटो बघून इनबॉक्समध्ये जे काही मेसेज आलेत ना, त्यांना एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहून टाकते. नाही, लग्न ठरलेलं नाही. नाही, कुठल्या ज्योतिषानं शनीमुळे काळा सोडायला सांगितलेला नाही. आणि 'शेवटी डिप्रेशनमधून बाहेर आलीस, छान वाटलं' असं ज्या ताईंनी लिहिलंय त्यांना कोपरापासून नमस्कार, ताई मी डिप्रेशनमध्ये कधीच नव्हते, मी काळ्या कपड्यांत होते.

जे ओळखतात त्यांना माहितीये की कॉलेज संपल्यापासून माझ्या कपाटात काळा सोडून काही नाही. कुर्ते काळे, पँट काळ्या, ओढण्या काळ्या, छत्री तर सगळ्यांचीच काळी असते पण माझी स्कुटरसुद्धा काळी. ऑफिसात नवरात्रीचे नऊ रंग असतात, ते मुंबईच्या एका वर्तमानपत्रानं सुरू केलेलं आणि आता जणू वेदांत लिहिलंय अशा थाटात पाळलं जातं ते, त्यातही मी दरवर्षी काळ्यात जाऊन ग्रुप फोटोच्या कडेला उभी. करड्या रंगाचा दिवस आला की सगळे म्हणणार, आज तरी जवळ आलीस.

आणि हे काही फॅशन कळत नाही म्हणून नव्हतं, उलट कळतं म्हणून होतं. १९२६ मध्ये अमेरिकन 'व्होग'नं कोको शनेलच्या साध्या काळ्या ड्रेसचं चित्र छापलं आणि त्याला फोर्ड गाडीची उपमा दिली, म्हणजे सगळ्यांना चालेल असा ड्रेस. त्याआधी युरोपात बायकांचा काळा म्हणजे मुख्यतः सुतक. मग १९८१ ला रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो हे दोघे जपानी डिझायनर पॅरिसला गेले, ढगळ, काळे, मुद्दाम विस्कटलेले कपडे घेऊन, आणि तिकडच्या समीक्षकांची झोप उडाली. तिकडे टोकियोत त्यांचे कपडे घालून हिंडणाऱ्या पोरापोरींना लोक कावळ्यांची टोळी म्हणायचे. मी मनानं त्या टोळीतली आहे आणि राहणार, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे पुढचं वाचताना कुणी 'बघा आली ना ताळ्यावर' म्हणायला नको.

काळ्याची मजा काय असते, तर रंग बाजूला झाला की कापड उरतं. पोत, शिवण, कट, घडी कुठे पडते, बाही कुठे संपते. काळी खादी आणि काळा लिनन शेजारी ठेवले की मला दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी दिसतात. पण हे दिसायला उजेड मवाळ लागतो हो. खिडकीतून तिरका येणारा, संध्याकाळचा, नाहीतर ढगाळ. पॅरिसला, लंडनला तसला उजेड वर्षातले कितीतरी महिने फुकट मिळतो. आपल्याकडे? मेच्या सुरुवातीला गोव्यात सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो, भरदुपारी सावली पायाखाली जाते, अशा वेळी पणजीच्या 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावर काळं घालून उभं राहा आणि कुणालातरी फोटो काढायला सांगा. पोत नाही, शिवण नाही, घडी नाही. चेहरा, हात आणि मध्ये एक काळं भगदाड. मी ज्या गोष्टीसाठी काळा घालते नेमकी तीच गोष्ट दुपारी गायब असते!

बरं भगदाड तरी एकसारखं काळं असावं. ट्यूबलाइटखाली घरात आरशात बघितलं की सगळे काळे जुळतात. बाहेर उन्हात आलं की कुर्ता तांबूस, पँट निळसर, ओढणी हिरवट. यात धोब्याचा दोष नाही. सुती कापडाचा काळा बरेचदा गडद निळ्यात थोडा नारिंगी-लाल मिसळून केलेला असतो, त्यातला एक आधी उडतो आणि दुसरा मागे राहतो, आणि गडद काळा यायला रंग भरपूर लागतो त्यामुळे नीट न बसलेला रंग कितीतरी धुण्यांपर्यंत बादलीत सुटत राहतो. उलटा करून धुवा, सावलीत वाळवा, हे सगळं मी करते. तरी उन्हात गेलं की ऊन त्याला खातंच. आणि घाम! सगळ्यात वाईट तो. डिचोलीहून पणजीला बसनं, 'फुडें वच फुडें वच' करत कंडक्टरनं कोंबलेलं, उतरल्यावर तो घाम वाळला की काळ्या कुर्त्यावर पाठीत आणि बॅगेच्या पट्ट्याखाली मिठाच्या पांढऱ्या रेघा, एकीच्या बाहेर दुसरी, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. पिवळ्यावर त्या दिसत नाहीत, निदान एवढ्या नाहीत. पावसाळ्यात कपाटातली बुरशीसुद्धा काळ्यावरच पांढरे ठिपके काढून आपली उपस्थिती लावते.

उकाड्याचं म्हणाल तर तिथे मी थोडी अडून बसणार आहे. काळ्यानं गरम होतं हे सगळे सांगतात, आणि काळं कापड जास्त ऊन शोषतं हे खरंच आहे, पण वाळवंटातले बेदुइन टोळ्यांचे लोक काळे झगे का घालतात यावर १९८० साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. काळ्या झग्याचं कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं, पण झगा ढगळ असला तर आतली हवा खेळती राहते आणि ती जादाची उष्णता अंगापर्यंत पोचायच्या आत निघून जाते, आतल्या माणसाला पांढऱ्यात आणि काळ्यात सारखंच ऊन लागतं. हा अभ्यास मी आईच्या तोंडावर कितीदा फेकलाय. फक्त तो कोरड्या वाळवंटातला. आपल्याकडे हवा आधीच पाण्यानं भरलेली, घाम वाळायलाच तयार नाही, आणि बसमध्ये कसली आलीय खेळती हवा. म्हणून आता फेकत नाही, पण फिटिंगचा काळा टीशर्ट घालून 'काळ्यानं गरम होतं' म्हणणाऱ्यांनी आधी टीशर्ट सैल घ्यावा हे माझं मत कायम आहे.

आता नातेवाईक. काळा अशुभ, काळं घालून लग्नाला येऊ नको, चतुर्थीला तरी नको गं बाई. हे सांगणाऱ्या माझ्या सगळ्या काकू-मावश्यांच्या गळ्यात काळे मणी असतात. नातवंडाला तीट लावतात ती काजळाची. संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेनं नेसून हलव्याचे दागिने घालून रील करतात. आषाढीला ज्याच्यासाठी चालत जातात तो विठोबा काळा. मग माझा कुर्ताच काय तो अशुभ? यावर काकूचं उत्तर, 'तो देव आहे, तू कोण?' यापुढे वाद होऊ शकत नाही.

शेजारी ख्रिस्ती वाडा आहे, तिथे घरातलं कुणी गेलं की म्हाताऱ्या बायका काळं घालतात, काही तर मग जन्मभर तेच घालतात, त्यामुळे आमच्या भागात काळ्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी ठरलेला. अपवाद एकच, कार्निव्हलच्या शेवटी पणजीत क्लब नासियोनालचा रेड अँड ब्लॅक डान्स असतो, त्या रात्री सगळं शहर माझ्या रंगात येतं आणि मला उगाच घरच्यासारखं वाटतं.

तर प्रयोग असा सुरू झाला की मी ठरवलं, काळा हा मवाळ उजेडाचा रंग आहे ना, मग कडक उजेडाचे कुठले ते शोधू. बस. यात स्वतःला शोधणं वगैरे काही नाही.

पहिला घेतला हळदीचा पिवळा, मलमल, सैल, बिनकामाचा. दुकानात तो इतका किंचाळत होता की मी बिल करताना इकडेतिकडे बघत होते. आणि बाहेर उन्हात आणल्यावर एकदम गप्प. म्हणजे खरंच, दुपारच्या उजेडात तो साधा वाटायला लागला. मग डोक्यात प्रकाश पडला की पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या भागातली ती पिवळी, निळी, गेरूच्या लाल रंगाची घरं आपल्याला भडक का वाटत नाहीत. तोच निळा पुण्याच्या ढगाळ फ्लॅटच्या हॉलमध्ये लावला तर पाहुणे चहा न घेता उठतील. इथे ऊन अर्धा रंग पिऊन टाकतं, उरतो तो बरोबर. फिका लिंबू, फिका गुलाबी, ते 'पेस्टल' म्हणून विकतात ते सगळं दुपारी नुसतं पांढरट दिसतं. घाबरत घाबरत रंगाकडे येणारे आधी पेस्टल घेतात, आणि मग म्हणतात मला रंग शोभत नाहीत. अहो तो रंग पोचलाच नाही तुमच्यापर्यंत!

कापडाची गोष्ट मात्र काळ्यानंच शिकवलेली, ती इथेही लागू पडली. तोच राणी कलर पॉलिएस्टरमध्ये चकाकतो आणि मंडपाच्या कापडासारखा दिसतो, सुतीत मुरतो. केशरी घातला तर निवडणुकीच्या दिवसांत दोघांनी पक्षच विचारला, तो कपाटात परत. पोपटी घातल्यावर आईनं नुसतं बघितलं आणि विचारलं, ताप आहे का. पोपटीत माझं तोंड खरंच आजारी दिसतं, यात उजेडाचा काही संबंध नाही, चूक पोपटीची.

पण सगळ्यात जास्त पटला तो कुणबी लाल. आपली गोव्यातली जुनी कुणबी साडी, लाल चौकड्यांची, जाडसर सुती, आखूड नेसून खांद्यावर गाठ मारलेली. ही शेतात चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बायकांची साडी. मधे ती दिसेनाशीच होत चालली होती, कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिच्या पाठी लागून ते विणकाम पुन्हा चर्चेत आणलं, २०२० मध्ये ते गेले. मी घेतली ती साडी नाही, नुसती ओढणी आहे. जवळून बघितली तर लाल एकसंध नाहीच, लालाचे आणि पांढऱ्याचे धागे एकमेकांवरून जातात तिथे मधलाच एक फिका लाल तयार होतो, एक धागा मध्येच जाड आहे, काठाला किंचित ओढ आहे. म्हणजे पोत, शिवण, घडी, जे मी काळ्यात शोधायचे ते सगळं इथे भरदुपारी दिसतंय. मला एवढंच हवं होतं. आणि भडक रंग म्हणजे सणासुदीचा, नटण्यामुरडण्याचा हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे, इथे तर कष्टाच्या कामाचा पोशाखच लाल होता. खरं सांगायचं तर काळा हीच चैन आहे, एसीत बसणाऱ्यांची.

एक गोष्ट मात्र मला अजिबात आवडलेली नाही आणि ती लिहिणारच. रंग घातला की तुमचा कपडा सार्वजनिक होतो. काळ्यात मी वर्षानुवर्षं पणजी मार्केटातून गेले, कुणी काही बोललं नाही. पिवळ्यात गेले तर माझी नेहमीची मासळीवाली बांगडे मोजता मोजता थांबून म्हणाली, 'बाय, आज बरी दिसता गो, इतले दीस कोण मेल्लें?' मला हसूच फुटलं, तिनं दोन बांगडे वर घातले, ते सोडा. पण ऑफिसात लिफ्टमध्ये, बँकेत, बसमध्ये, ज्याला त्याला मत. 'असंच राहत जा.' 'चेहरा खुलला.' 'आज काय विशेष?' विशेष काही नाही हो काका, ऊन आहे. बाईनं रंग घातला म्हणजे तिनं बोलायचं आमंत्रणच दिलंय असं लोक धरून चालतात, आणि खुलणं, उजळणं, प्रसन्न दिसणं ही जणू ऑफिसच्या वेळेतली तिची जबाबदारीच. काळ्याची मला सगळ्यात जास्त आठवण येते ती इथे. काळ्यात मला कुणी खुलायला सांगत नव्हतं.

म्हणून सध्या अशी वाटणी केलीये: सकाळी बसनं जाताना आणि दुपारभर रंग, सुती आणि सैल, पेस्टल नाही. सहानंतर, नाटकाला, कुणाच्या घरी जेवायला, आणि अख्खा जून-जुलै काळा. पावसात तसाही उजेड मवाळ असतो, फक्त बुरशीचं बघावं लागतं, कपाटात कापराच्या वड्या ठेवल्यात, उपयोग होतो की नुसता वास येतो ते कळेल. डिसेंबरात चुलतभावाचं लग्न आहे, रिसेप्शन रात्री आहे, त्यामुळे काकू, आधीच सांगते, रात्री मी काळ्यातच येणार. दुपारच्या मुहूर्ताला तुम्ही म्हणाल तो रंग, केशरी सोडून.

आणि तो पोपटी कुर्ता कुणाला हवा असेल तर सांगा. मलमल आहे, एम साइज, जवळजवळ नवाच. डिचोली-पणजी मार्गावर कुठेही आणून देईन, फक्त माझ्या आईसमोर घालू नका.