‘व्होल्ट दुप्पट घ्या, मग कोणताही कपॅसिटर चालतो’: एक प्रतिवाद

घरी ट्यूबचा लिनिअर ॲम्प्लिफायर (ट्रान्समीटरचा सिग्नल वाढवणारा संच) बांधणाऱ्या मराठवाड्यातील हॅम म्हणजे हौशी रेडिओ मंडळींमध्ये एक सल्ला वरचेवर पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: मायक्रोफॅरड जुळले आणि छापलेले व्होल्टेज गरजेच्या दुप्पट असले की कपॅसिटर कोठेही चालतो, टँक सर्किटला (आउटपुटच्या ट्यूनिंगच्या भागाला) जुन्या टीव्हीच्या ईएचटीतला (पिक्चर ट्यूबच्या उच्च दाबाच्या भागातला) वीस किलोव्होल्टचा कपॅसिटर उत्तम, २५०० व्होल्टच्या सप्लायच्या फिल्टरला (डीसी सपाट करणाऱ्या भागाला) ४५० व्होल्टचे सहा इलेक्ट्रोलायटिक सिरीजमध्ये पुरतात, आणि ब्लीडर रेझिस्टर (सप्लाय बंद केल्यावर साठलेला चार्ज उतरवणारा) म्हणजे फुकटची उष्णता.

छापलेले व्होल्टेज आतले डायइलेक्ट्रिक (इन्सुलेटरचा थर) किती डीसी दाब सोसेल एवढेच सांगते, आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) करंटबद्दल ते काहीच सांगत नाही. आउटपुट ४०० वॅट आणि प्लेट लोड (ट्यूबच्या प्लेटला दिसणारा रोध) २००० ओहम धरला, तर प्लेटवर सुमारे ८९४ व्होल्ट आरएमएस म्हणजे १२६५ व्होल्ट पीक इतके आरएफ असते. टँकचा क्यू (लोडच्या रोधाचे ट्यून कपॅसिटरच्या रिॲक्टन्सशी गुणोत्तर) १२ ठेवल्यास त्या कपॅसिटरची रिॲक्टन्स (एसीला होणारा अडथळा) सुमारे १६७ ओहम, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर साधारण १३६ पिकोफॅरड येते, आणि त्यातून ५.४ अँपिअर करंट अखंड फिरत राहतो. टीव्हीतला तो कपॅसिटर डीसी गाळण्यासाठी बनवलेला, लहान आकारात जास्त पिकोफॅरड देणाऱ्या सिरॅमिकचा असतो. त्याचा लॉस फॅक्टर (उष्णतेत जाणारा वाटा) अडीच टक्के धरला तर सुमारे १२० वॅट त्याच्या पोटातच जिरतात. एनपीझीरो (तापमानाने जवळजवळ न बदलणाऱ्या) सिरॅमिकचा ०.१ टक्का धरला तर जेमतेम पाच. म्हणजे वीस किलोव्होल्टची ऐपत असलेला भाग तेराशे व्होल्टच्या आतच तापून तडकतो, आणि तडकण्याआधी पिकोफॅरड सरकल्याने ट्यूनिंगही हातातून सुटते. येथे पुरेशा अंतराच्या पात्यांचा एअर गँगच (हवेच्या फटीचा, फिरवून बदलता येणारा कपॅसिटर) हवा. ३.५ मेगाहर्ट्झवर तो कमी पडला, तर एकाच मोठ्या कपॅसिटरऐवजी एनपीझीरो किंवा ट्रान्समिटिंग (जास्त आरएफ करंट सोसणाऱ्या) मायकाचे तीन-चार समांतर जोडावेत, म्हणजे करंट वाटला जातो.

सहा इलेक्ट्रोलायटिकचा हिशेब कागदावर २७०० व्होल्टचा होतो खरा, पण तो आपल्याकडची वीज विसरतो. शेतीपंप सुरू असताना दबलेले व्होल्टेज पंप बंद झाल्यावर रात्री २५० पर्यंत चढते, आणि डीएक्सची (दूरच्या स्टेशनांशी संपर्काची) मजा तर रात्रीच असते. २३० व्होल्टला लोडवर २५०० देणारा सप्लाय लोड नसताना २७५० च्या घरात जाऊ शकतो. मेन्स २५० झाले की तो ३००० ला टेकतो. सहा नापास, सात काठावर, म्हणून आठ घ्यावेत. शिवाय प्रत्येकाचे लीकेज (आतून झिरपणारा करंट) वेगळे असल्याने व्होल्टेज समान वाटले जात नाही, त्यासाठी प्रत्येकावर समान रेझिस्टर लागतो. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या पुढे असते, ट्यूबशेजारची पेटी त्याहून कितीतरी वर; आणि दर १० अंशांना इलेक्ट्रोलायटिकचे आयुष्य साधारण निम्मे होते. तेव्हा ८५ ऐवजी १०५ अंशांचे घेण्यात काटकसर नको.

ब्लीडरबद्दलचे विधान मात्र सरळ जीवघेणे आहे. ३३० मायक्रोफॅरडचे आठ सिरीजमध्ये जोडले की सुमारे ४१ मायक्रोफॅरड होतात आणि ३००० व्होल्टला त्यांत १८५ ज्यूल साठतात. प्रत्येकावर १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल तर पावणेतीन मिनिटांत व्होल्टेज वीसच्या आसपास उतरते. प्रत्येक रेझिस्टरमध्ये दीड वॅटही जात नाही. तो तीन वॅटचा आणि ५०० व्होल्ट सोसणारा असावा. वरचे समतोल राखण्याचे काम आणि हे, दोन्ही तोच करतो, त्यामुळे ‘फुकट’ हा शब्द येथे लागूच होत नाही. तरीही झाकण उघडल्यावर मीटरने तपासून, इन्सुलेटेड दांडीने शॉर्ट केल्याशिवाय हात घालू नये.

भंगाराला माझा सरसकट विरोध नाही. मोटारपंपाच्या स्टार्टरमधला ४४० व्होल्ट एसीचा रन कपॅसिटर फिल्म प्रकारचा असतो, आणि व्होल्टेजचे गणित पाळून तो फिल्टरला चालतो. त्याच डब्यातला स्टार्ट कपॅसिटर काही सेकंदांपुरता बनवलेला असल्याने चालत नाही.

या सल्ल्यात ब्लॉकिंग कपॅसिटरचा (प्लेटचे डीसी अडवून आरएफ पुढे सोडणारा) उल्लेखही नाही. तो शॉर्ट झाला तर प्लेटचे सगळे डीसी थेट अँटेनावर येते. त्यामुळे तो सप्लायच्या किमान दुप्पट व्होल्टेजचा आणि ट्रान्समिटिंग प्रकारचाच घ्यावा, आणि अँटेना सॉकेटपासून अर्थपर्यंत एक आरएफ चोक (आरएफ अडवणारी, डीसी जाऊ देणारी कॉइल) जोडावा, म्हणजे बिघाड झालाच तर सप्लायचा फ्यूज उडेल.