मैदानावरची मुले काय उचलतात
खेळाडूंच्या पूर्वग्रहदूषित बोलण्याचा तरुणांवर फारसा परिणाम होत नाही, हे एका लेखात वाचलेले मत मला मान्य नाही. दूरचित्रवाणीवर स्त्रियांविषयी केलेल्या शेरेबाजीमुळे जानेवारी २०१९ मध्ये क्रिकेटपटू हार्दिक पंड्या यांना ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरून परत बोलावण्यात आले, पुढे २० लाखांचा दंडही झाला. परंतु नागपुरात आमच्या वस्तीच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी त्या दंडाचा उल्लेख मी कधी ऐकला नाही, ती शेरेबाजी मात्र कित्येक महिने, मोठ्या रुबाबात, येणाऱ्याजाणाऱ्या मुलींना ऐकवली जात होती. आयपीएलमध्ये आपल्याला ‘कालू’ म्हटले जाई, असे वेस्ट इंडिजचे कृष्णवर्णीय क्रिकेटपटू डॅरेन सॅमी यांनी २०२० मध्ये सांगितले. तोच शब्द येथे सावळ्या मुलांना सर्रास चिकटवला जातो आणि प्रशिक्षकही, दुर्दैवाने, हसून सोडून देतात. त्यांनी तिथल्या तिथे खेळ थांबवून मुलांना जाब विचारला पाहिजे.