खुलासा: मुंग्यांची पद्धत आणि दूधगाडीचा रस्ता

शिराळा-वाळव्याकडे एक संदेश फिरतोय: ‘मुंग्यांकडून शिकलेला प्रोग्रॅम दूधगाडीचा सर्वात जवळचा मार्ग हमखास काढतो, चालकाला विचारायची गरज नाही.’ दोन्ही दावे चुकीचे आहेत.

संगणकशास्त्रज्ञ मार्को डोरिगो यांनी १९९२ च्या प्रबंधात मांडलेल्या या पद्धतीत आभासी मुंग्या सगळे थांबे घेत फेऱ्या मारतात. फेरी जितकी छोटी, तितका त्या वाटेवर ‘गंध’, म्हणजे प्रोग्रॅममधली पसंतीची खूण, जास्त. पुढच्या मुंग्या बहुधा तिकडेच वळतात. हाती येतो तो चांगला मार्ग, सर्वात जवळचा असेलच असं नाही. दर फेरीला थोडा गंध उडवावा लागतो. तो फारच कमी उडाला, तर सुरुवातीचा सुमार मार्गच पक्का होऊन बसतो. खरं तर गाडीची गावं १२च असतील, तर मुंग्यांचा खटाटोप कशाला? ती गावं घ्यायचे क्रम ४७ कोटींहून जास्त असले, तरी संगणक नेमकं उत्तर काढू शकतो.

आता चालक. वारणेवरचा कुठला पूल पाण्याखाली गेलाय, कुठल्या चढाला भरलेली गाडी दम टाकते, कुठलं केंद्र उशिरा उघडतं, हे त्यालाच ठाऊक. त्याला विचारून बंद रस्ता यादीतून काढा, किलोमीटरऐवजी मिनिटं भरा, चढ-उताराची वेगवेगळी, आणि मगच प्रोग्रॅम पुन्हा चालवा.