‘निबिरू’विषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

दर ३,६०० वर्षांनी परतणारा ‘निबिरू’ हा लपलेला ग्रह प्राचीन मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) सुमेरियन लोकांना ठाऊक होता आणि तो लवकरच पृथ्वीवर आदळेल, असा संदेश फिरत आहे. तो खरा नाही. ३,६०० वर्षांच्या कक्षेची कल्पना लेखक झकारिया सिचिन यांच्या १९७६ सालच्या पुस्तकातली आहे. मेसोपोटेमियाच्या मृत्तिकालेखांत अशी कक्षा कुठेही नाही. ‘मुल-अपिन’ या बॅबिलोनी खगोलग्रंथात निबिरू हा मार्दुक देवाचा तारा असून, अभ्यासक त्याचा संबंध मुख्यतः गुरूशी जोडतात. बॅबिलोनी निरीक्षकांनी डोळ्यांना दिसणारे पाचच ग्रह नोंदवले, आणि तेही विलक्षण चिकाटीने.

नासाच्या ‘वाइज’ दुर्बिणीच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सूर्यापासून १०,००० खगोलीय एककांपर्यंत (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) शनीएवढा अज्ञात ग्रह आढळला नाही. आदळण्याच्या बेतात असलेला ग्रह तर एव्हाना नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. या संदेशाने लहान मुले घाबरतात. कृपया तो पुढे पाठवू नका.